नोकरी, गिटहब आणि आपल्या मुली



गेल्या महिन्यात आपल्या केंद्रावर एका आईचा फोन आला होता. त्यांची मुलगी कॉम्प्युटर इंजिनिअर. तीन वर्षं नोकरी केली, मग बाळंतपण, मग सासूबाईंचं आजारपण, असं करता करता दोन वर्षं घरीच गेली. आता ती पुन्हा नोकरी शोधते आहे. एका मुलाखतीत पहिलाच प्रश्न आला, "तुमचं गिटहब दाखवा." तिच्या गिटहबवर काहीच नव्हतं. पुढची मुलाखत पाच मिनिटांत उरकली. त्या आई विचारत होत्या, "ताई, हे गिटहब म्हणजे काय? आणि ते नसलं म्हणजे माझ्या मुलीला काम येत नाही, असं होतं का?"

मी सॉफ्टवेअरच्या क्षेत्रात काम करते आणि टेबलाच्या पलीकडे बसून मुलाखतीही घेते. म्हणून केंद्रातल्या ताईंनी हा प्रश्न माझ्याकडे दिला. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर मी आधीच देऊन टाकते : नाही, तसं होत नाही. पण का नाही, आणि मग कंपन्या ते का बघतात, हे नीट समजून घेऊ या. आपल्या घरात, शेजारीपाजारी या क्षेत्रातली एखादी तरी मुलगी असतेच. तिला याचा उपयोग होईल.

सुरुवात अगदी पहिल्यापासून करते. मोबाइलमधलं अ‍ॅप असो की बँकेचं मशीन, त्याला काय करायचं ते ओळीओळीने लिहून द्यावं लागतं. या लिहिलेल्या सूचनांना कोड म्हणतात. बहुतेक कंपन्या आपला कोड कुलपात ठेवतात. तयार वस्तू आपल्याला वापरायला मिळते, आत काय लिहिलंय ते दिसत नाही. पण काही सॉफ्टवेअरचा कोड सगळ्यांसाठी खुला असतो. कोणीही तो वाचावा, त्यात बदल करावा, दुसऱ्याला द्यावा. याला ओपन सोर्स म्हणतात. फिनलंडमधल्या लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने १९९१ मध्ये लिनक्सचा कोड असाच सगळ्यांपुढे ठेवला. आज अँड्रॉइड फोनच्या पोटात तेच लिनक्स आहे. सिनेमा बघायचं व्हीएलसी, इंटरनेट बघायचं फायरफॉक्स ही आणखी उदाहरणं. आवाज कापायला-जोडायला छोट्या रेडिओ केंद्रांना उपयोगी पडणारं ऑडॅसिटीसुद्धा ओपन सोर्सच. आणि एक गोष्ट आवर्जून सांगते. 'ओपन सोर्स' हा शब्द १९९८ मध्ये सुचवला तो क्रिस्टीन पीटरसन या बाईंनी.

आता हा कोड जगभरची माणसं मिळून लिहितात म्हटल्यावर कोणी कधी काय बदललं याची नोंद हवी. त्यासाठी टोरवाल्ड्स यांनीच २००५ मध्ये 'गिट' नावाचं साधन बनवलं. गिटने सांभाळलेला कोड इंटरनेटवर ठेवायची आणि त्यावर एकत्र काम करायची एक जागा २००८ मध्ये सुरू झाली, ती गिटहब. २०१८ मध्ये मायक्रोसॉफ्टने ती विकत घेतली. अशा आणखीही जागा आहेत, पण गिटहब सर्वांत मोठी. तिथे प्रत्येकाचं एक पान असतं आणि त्या पानावर त्या माणसाचं उघड काम दिसतं.

हे काम कसं चालतं ते एका उदाहरणाने सांगते. समजा, एका ओपन सोर्स अ‍ॅपमध्ये मराठी जोडाक्षरं तुटून दिसतात. एखादी मुलगी आधी तिथे तक्रार लिहिते : अमुक फोनवर, अमुक पडद्यावर, 'प्र' असा दिसतो. मग ती त्या कोडची आपली स्वतंत्र प्रत घेते, चूक शोधते, दुरुस्त करते आणि मूळ मंडळींकडे प्रस्ताव पाठवते की, मी हा बदल केलाय, घ्याल का? या प्रस्तावाला पुल रिक्वेस्ट म्हणतात. मूळ प्रकल्प सांभाळणारे लोक तो तपासतात. शंका विचारतात. "ही ओळ अशी का?" "याने दुसरीकडे काही बिघडणार नाही ना?" ती उत्तर देते, सुधारून पुन्हा पाठवते. पटलं तर बदल मूळ कोडमध्ये जातो, नाहीतर नाकारला जातो. आणि हा सगळा संवाद, तारीखवार, कोणालाही वाचता येईल असा तिथेच राहतो.

म्हणून नोकरी देणाऱ्यांना याचं आकर्षण वाटतं, आणि ते चुकीचं नाही. आपण शिंपिणीकडे पहिल्यांदा ब्लाउज टाकायचा तर काय करतो? तिने शिवलेला एखादा ब्लाउज उलटा करून बघतो. वरून सगळेच छान दिसतात. आतून शिवण कशी आहे, कडा बांधल्यात का, पुढे उसवायला कापड ठेवलंय का, यावरून हात कळतो. ओपन सोर्समध्ये कोडची अशी उलटी बाजू बघायला मिळते. बायोडेटामध्ये "मला अमुक भाषा येते" एवढीच ओळ असते. इथे प्रत्यक्ष काम असतं.

पण ते बघायचं कसं? मी स्वतः बघते तेव्हा आधी प्रत्यक्ष कोड वाचते. दुसऱ्याला समजेल असा लिहिलाय का? नावं अर्थपूर्ण आहेत का? मोठं काम लहान लहान तुकड्यांत करून प्रत्येक तुकड्याबरोबर 'हे का केलं' ते लिहिलंय का? बदल केल्यावर तो नीट चालतो की नाही हे तपासायची सोय करून ठेवलीय का? ही झाली शिवण.

त्याहून जास्त वेळ मी संवाद वाचण्यात घालवते. कोणी चूक दाखवली तर ही व्यक्ती काय करते? चिडते, गप्प होते की "हो, हे माझ्या लक्षात आलं नव्हतं" म्हणून दुरुस्त करते? आपलं बरोबर असेल तर शांतपणे कारण सांगून टिकून राहते का? नवख्या माणसाच्या भाबड्या प्रश्नाला कसं उत्तर देते? ऑफिसात आठ-दहा जणांनी रोज एकाच कोडवर काम करायचं असतं. तिथे हुशारीइतकंच हे वागणं लागतं, आणि ते तासाभराच्या मुलाखतीत नेहमी कळत नाही. दुसऱ्याचा जुना, गुंतागुंतीचा कोड वाचून त्यात नेमका छोटा बदल करता येणं, हेही मोठं कसब आहे. नोकरीतलं बरंचसं काम तसंच असतं. अशी एकच पुल रिक्वेस्ट नीट वाचली तरी माणसाबद्दल पुष्कळ कळतं.

अडचण अशी, की इतकं वाचायला वेळ लागतो. मग लोक वाचण्याऐवजी मोजतात, आणि तिथे फसगत सुरू होते.

गिटहबच्या पानावर वर्षभराच्या दिवसांचे छोटे छोटे चौकोन असतात. ज्या दिवशी काम नोंदवलं तो चौकोन हिरवा होतो. पान हिरवंगार दिसलं की बघणाऱ्याला वाटतं, काय मेहनती मुलगा आहे! पण गिटमध्ये कामाच्या नोंदीवर मागची कुठलीही तारीख घालता येते. आदल्या वर्षाचे चौकोन आज बसून रंगवता येतात, त्यासाठी आयते प्रोग्रामही मिळतात. शिवाय एक ओळ बदलली तरी चौकोन हिरवा आणि आठ तास डोकं खाजवून एक अवघड चूक सापडली तरीही हिरवाच. प्रकल्पाला लोक पसंतीचे तारे देतात, तेही विकत मिळतात.

मोजण्याचा मोह काय करतो त्याचं एक उदाहरण सांगते. डिजिटलओशन नावाची कंपनी दर ऑक्टोबरमध्ये 'हॅक्टोबरफेस्ट' भरवते. लोकांनी ओपन सोर्सला हातभार लावावा हा चांगला हेतू. २०२० मध्ये नियम असा होता की, महिनाभरात चार पुल रिक्वेस्ट पाठवा आणि टी-शर्ट मिळवा. झालं काय, तर नुसत्या टी-शर्टसाठी हजारोंनी निरर्थक प्रस्ताव आले. कोणी माहितीच्या पानावर एखादा कौतुकाचा शब्द घुसडला, कोणी उगाच एक जागा सोडली. फुकट काम करून प्रकल्प सांभाळणारी माणसं ते निस्तरता निस्तरता वैतागली. शेवटी महिना सुरू झाल्यावर काही दिवसांतच नियम बदलावा लागला. ज्या प्रकल्पांना भाग घ्यायचाय त्यांच्यातलंच काम मोजायचं ठरलं. त्या काळात एखाद्याने नुसता आकडा बघून माणूस निवडला असता तर काय मिळालं असतं, ते तुम्हीच ठरवा.

आणि नीट वाचूनसुद्धा सगळं कळतं असं नाही. 'एक्सझेड' नावाचं फाइल लहान करणारं एक ओपन सोर्स साधन आहे. लिनक्सवर चालणाऱ्या असंख्य कॉम्प्युटरमध्ये ते असतं. एका व्यक्तीने दोनेक वर्षं तिथे व्यवस्थित काम केलं, विश्वास मिळवला, प्रकल्पाच्या किल्ल्या हातात घेतल्या, आणि मग त्यात एक चोरदरवाजा बसवला. ते नावसुद्धा बहुधा खोटं होतं. मार्च २०२४ मध्ये आंद्रेस फ्रॉइंड या इंजिनिअरला आपल्या कॉम्प्युटरवर एक काम नेहमीपेक्षा अर्ध्या सेकंदाने हळू होतंय असं जाणवलं. त्याने खणून बघितलं म्हणून तो डाव उघडकीला आला. ओपन सोर्स होतं म्हणूनच त्याला खणता आलं, हेही खरं. पण उघड काम कितीही चांगलं दिसलं तरी ते म्हणजे माणसाच्या सचोटीचा दाखला नव्हे, एवढं यातून घ्यायचं. पूर्वी जिथे काम केलं तिथे चौकशी करणं, समोर बसून बोलणं, याला पर्याय नाही.

हे झालं पान भरलेलं असेल तेव्हाचं. आता त्या आईंच्या मुलीसारखं पान रिकामं असेल तर?

इथे मी माझी स्वतःची चूक सांगते. काही वर्षांपूर्वी आम्हाला एका जागेसाठी माणूस हवा होता. अर्ज खूप आले. वेळ वाचवायला मी एक सोपी युक्ती केली. ज्या अर्जात गिटहबचा पत्ता नाही किंवा पान रिकामं आहे ते सगळे अर्ज बाजूला ठेवले. राहिलेले चाळत असताना मला काहीतरी चुकल्यासारखं वाटलं. म्हणून बाजूचा गठ्ठा पुन्हा उघडला आणि नावं वाचली. बायकांचे जवळपास सगळे अर्ज त्या गठ्ठ्यात होते. मी स्वतः बाई असून, कोणालाही 'नको' न म्हणता, मी त्यांना दाराबाहेर काढलं होतं. त्यातल्या एकीने आठ वर्षं पैशांच्या व्यवहाराच्या सॉफ्टवेअरवर काम केलं होतं. आम्हाला नेमकं तेच हवं होतं. मी फोन केला, तेव्हा ती म्हणाली, "मॅडम, मी गेल्या आठवड्यातच दुसरीकडे रुजू झाले."

पान रिकामं असण्याची कारणं बघा. पहिलं कारण मालकीचं. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे नोकरीचा भाग म्हणून केलेलं काम, वेगळा करार नसेल तर, मालकाचं असतं. आठ वर्षं बँकेच्या सॉफ्टवेअरवर राबलेली मुलगी त्यातली एक ओळसुद्धा बाहेर दाखवू शकत नाही. दाखवलीच तर तो गुन्हा तिच्या माथी. कपड्याच्या कारखान्यात वर्षानुवर्षं शर्ट शिवणारी बाई दाखवायला घरी शर्ट आणू शकते का? त्या शर्टावर तिचं नाव तरी असतं का? पण म्हणून तिला शिवता येत नाही असं कोण म्हणेल?

दुसरं कारण वेळेचं. ओपन सोर्सचं काम काही जणांना कंपनी पगार देऊन करायला लावते, पण बाकीच्यांसाठी ते ऑफिस सुटल्यावरचं, सुट्टीच्या दिवसाचं, बिनपगारी काम आहे. आता ऑफिस सुटल्यावर आपल्या घरात काय होतं ते मी तुम्हाला सांगायला नको. तरी सरकारी आकडा सांगते. २०२४ च्या राष्ट्रीय वेळवापर पाहणीप्रमाणे घरकाम करणाऱ्या बायका दिवसाला सरासरी २८९ मिनिटं त्या बिनपगारी कामात घालवतात. घरकाम करणारे पुरुष ८८ मिनिटं. फरक तीन तासांहून जास्त, आणि तोही रोजचा. शिवाय दिवसभरात घरकामाला हात लावणारे पुरुष मुळात कमी. लहान मुलांचं, आजाऱ्यांचं करणं या आकड्यात धरलेलंच नाही, ते वेगळं. जे हिरवे चौकोन एकाच्या पानावर दिसतात, तेवढा वेळ दुसरीच्या घरी पोळ्यांत, औषधांत, मुलांच्या गृहपाठात गेलेला असतो. त्याचा चौकोन कुठेच रंगत नाही. अमेरिकेतल्या अ‍ॅशे ड्रायडेन या प्रोग्रामर बाईंनी २०१३ मध्येच हा मुद्दा मांडला होता. फावला वेळ सगळ्यांना सारखा मिळत नाही, मग फावल्या वेळातलं फुकट काम ही नोकरीची अट कशी होऊ शकते? मला वाटतं, त्या बोलल्या ते आपल्याकडे तर आणखीच लागू पडतं.

तिसरं कारण वातावरणाचं. गिटहबने २०१७ मध्ये ओपन सोर्समधल्या सुमारे साडेपाच हजार लोकांची पाहणी केली. त्यात ९५ टक्के पुरुष होते आणि बायका ३ टक्के. नोकरी करणाऱ्या प्रोग्रामरमध्ये बायका कमी आहेत खऱ्या, पण इतक्या कमी नक्कीच नाहीत. म्हणजे ज्या मैदानात बायका जवळजवळ नाहीतच, त्याच मैदानावर त्यांची परीक्षा घ्यायची, असं होतं.

त्याच वर्षी अमेरिकेतल्या काही संशोधकांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यांनी गिटहबवरच्या लाखो पुल रिक्वेस्ट तपासल्या. एकूण बघता बायकांचे प्रस्ताव पुरुषांपेक्षा जास्त प्रमाणात स्वीकारले गेले होते. बायकांचे ७८ टक्क्यांहून थोडे जास्त, पुरुषांचे ७४ टक्क्यांहून थोडे जास्त. पण प्रकल्पाला नवख्या असलेल्या बायकांचं वेगळं काढलं तेव्हा चित्र बदललं. नाव-फोटोवरून बाई आहे हे कळत नव्हतं तेव्हा सुमारे ७२ टक्के प्रस्ताव स्वीकारले गेले. कळत होतं तेव्हा सुमारे ६२ टक्के. नवख्या पुरुषांचीही ओळख कळल्यावर थोडी घसरण झाली, पण इतकी नाही. म्हणजे "कोड बोलतो, माणूस कोण ते बघायचं कारण नाही" असं जे अभिमानाने म्हटलं जातं, ते पूर्ण खरं नाही. आणि पानावर दिसणारा यशाचा आकडासुद्धा निव्वळ कामाचा आकडा नसतो.

तर माझं म्हणणं एवढंच आहे. ओपन सोर्सचं काम असेल तर ते जरूर वाचावं आणि त्याचं श्रेय द्यावं. पण ते चाळणी म्हणून वापरू नये. खिडकी उघडी असेल तर आत डोकावून बघा. बंद असेल तर घरात कोणी नाही असं समजून परत फिरू नका, दार वाजवा.

दार वाजवायचं म्हणजे काय करायचं? नोकरी देणाऱ्या मैत्रिणीही हे ऐकत असतील, छोटा व्यवसाय चालवणाऱ्या आणि वेबसाइट करायला माणूस शोधणाऱ्याही असतील. त्यांच्यासाठी सांगते. स्वयंपाकाला बाई ठेवताना आपण प्रशस्तिपत्रक मागत नाही, "दोन पोळ्या करून दाखवता का?" म्हणतो. इथेही तेच. प्रत्यक्ष कामासारखं छोटं काम, तासा-दीड तासाचं, ऑफिसच्या वेळेत, शेजारी बसून करायला द्यावं. एखादा तयार कोड समोर ठेवून "यात काय चुकलंय, तुम्ही काय बदलाल?" असं विचारावं. मोठं काम घरी करून आणायला सांगू नये, कारण मग पुन्हा फावल्या वेळाचाच प्रश्न येतो. आणि मोठं काम करून घ्यायचंच असेल तर त्याचे पैसे द्यावेत.

दुसरं, प्रश्न आधी लिहून ठेवावेत आणि सगळ्यांना तेच विचारावेत. गुण कशाला द्यायचे तेही आधीच ठरवावं. फ्रँक श्मिट आणि जॉन हंटर या अभ्यासकांनी १९९८ मध्ये माणसं निवडण्याच्या पद्धतींवरचं ८५ वर्षांचं संशोधन एकत्र मांडलं. त्यात कामाचा नमुना करून घेणं आणि ठरावीक प्रश्नांची मुलाखत या पद्धती वरच्या क्रमांकावर होत्या. नुसती अनुभवाची वर्षं मोजणं खूप खाली होतं. २०२२ मध्ये पॉल सॅकेट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ते आकडे पुन्हा तपासले. बरेच आकडे खाली आले, पण ठरावीक प्रश्नांची मुलाखत पहिल्या क्रमांकावर आली. गप्पा मारून "मुलगा चांगला वाटला" म्हणण्यापेक्षा हा मार्ग खात्रीचा आहे.

आता मुलींसाठी. पान रिकामं असेल तर घाबरून एका रात्रीत ते हिरवं करायला बसू नका. मुलाखतीत सरळ सांगा, "माझं काम कंपनीच्या मालकीचं आहे, ते मी दाखवू शकत नाही. पण मी कुठला प्रश्न कसा सोडवला ते सांगू शकते." आणि मग खरंच सांगा. अडचण काय होती, कोणते दोन-तीन मार्ग होते, तुम्ही कोणता निवडला आणि का, कुठे चुकलं आणि मग काय केलं. गुप्त नावं, आकडे न सांगताही हे सांगता येतं. त्यासाठी नोकरीत असतानाच अशी टिपणं एका वहीत लिहून ठेवायची सवय लावा. पाच वर्षांनी आपल्याच कामाचा तपशील आपल्याला आठवत नाही, आणि मग मुलाखतीत आपण "मी टीममध्ये होते" एवढंच म्हणतो.

ओपन सोर्समध्ये हात घालायची इच्छा असेल तर लहान गोष्टीपासून सुरू करा. जे आपण रोज वापरतो त्यात खटकणारी चूक नीट लिहून कळवणं, न समजणारी माहिती सोप्या शब्दांत लिहिणं, भाषांतर करणं, हेही खरं योगदान आहे. फायरफॉक्स, लिबरऑफिस यांसारखी साधनं मराठीत दिसतात ती कोणीतरी बसून शब्द न् शब्द मराठीत आणला म्हणूनच. देवनागरीतले 'लोहित' आणि 'मुक्त' हे टंक खुल्या परवान्याने मिळतात, त्यामागेही आपल्याकडच्या लोकांचे हात आहेत. मराठी नीट येणं ही इथे जमेची बाजू आहे. शंभर फुटकळ नोंदींपेक्षा एक नीट पूर्ण केलेलं काम जास्त बोलतं, हे मी वाचणारी म्हणून सांगते.

दोन खबरदाऱ्या मात्र घ्या. नोकरीत असाल तर आधी करार वाचा. बाहेरचं काम करायला परवानगी लागते का ते विचारा, आणि उत्तर लेखी घ्या. दुसरी गोष्ट, गिटच्या प्रत्येक नोंदीबरोबर आपला ईमेल पत्ता उघड होऊ शकतो. गिटहबच्या सेटिंगमध्ये तो लपवायची सोय आहे, ती पहिल्याच दिवशी वापरा. आपलं खरं नाव, फोटो लावायचा की नाही हे ज्या त्या मुलीने ठरवावं. नाव झाकून काम करणं यात कमीपणा नाही, आणि नाव लावून ठामपणे उभं राहणं यातही धाडसाचा आव नाही.

आणि 'आउटरीची' हे नाव लिहून ठेवा. ओपन सोर्समध्ये बायका फार कमी, हे बघून ग्नोम या प्रकल्पाने २००६ मध्ये बायकांसाठी एक उन्हाळी उपक्रम केला होता. २०१० मध्ये तो पुन्हा सुरू झाला आणि पुढे त्याचंच 'आउटरीची' झालं. आता तो बायकांपुरता नाही. या क्षेत्रात ज्यांना डावललं जातं अशा सगळ्यांसाठी आहे. यात निवड झालेल्यांना तीन महिने घरबसल्या, एका जाणकाराच्या मार्गदर्शनाखाली ओपन सोर्स प्रकल्पावर काम मिळतं, आणि त्याचे पैसे मिळतात. इंग्रजीत अर्ज करावा लागतो, निवडीआधी थोडं काम करून दाखवावं लागतं, स्पर्धाही असते. पण भारतातल्या मुली त्यातून पुढे गेल्या आहेत. मला ही योजना आवडते, कारण बाईला फावला वेळ नाही हे तिथे आधी मान्य केलंय, आणि तिच्या वेळेची किंमत मोजली आहे.

शेवटी पुन्हा त्या आईंकडे येते. ताई, तुमच्या मुलीने तीन वर्षं जे काम केलं ते कुठल्या तरी कंपनीच्या कुलपात आहे, आणि रोज चालतंय. नंतरची दोन वर्षं तिने जे केलं ते तुमच्या नातवाच्या अंगावर दिसतंय. दोन्हीपैकी काहीच गिटहबवर नाही. ज्यांनी पाच मिनिटांत मुलाखत संपवली त्यांनी तिला काम येतं की नाही हे तपासलंच नाही, म्हणून तो निकाल तिने मनाला लावून घेऊ नये. या आठवड्यात तिला एक वही आणून द्या. जुन्या नोकरीतली तिला आठवतील ती पाच कामं त्यात लिहू द्या. आणि ती लिहीत असेल तेव्हा तासभर बाळाला तुम्ही किंवा जावईबापूंनी घ्या.

पुढच्या मुलाखतीत काय झालं, ते केंद्रावर फोन करून नक्की कळवा. आम्ही वाट बघतोय.